एक तास, एक बोट, चाळीस प्रश्न

रविवार, संध्याकाळचे पाच. मांडव्याच्या जेटीवर वीकेण्ड संपल्याचं दुःख घेऊन उभी असलेली तीच ती गर्दी. रो-रो सुटते, मंडळी सेल्फीसाठी डेककडे धावतात. माझी मैत्रीण मात्र आतली खिडकीजवळची सीट पकडते, बॅगेतून प्रिंटआउट्स काढते आणि मोबाइलवर ६० मिनिटांचा टायमर लावते.

‘भाऊचा धक्का येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही हं!’

मी गप्प. कारण मामला सीरियस आहे. ही बाई पक्की अलिबागकर, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता मुंबईतल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. ब्रिटनमध्ये नर्सिंग करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं आणि आयईएल्टीएसच्या मार्गाने जायचं तर रीडिंगमध्ये ७ बॅण्ड लागतो. पहिल्या खेपेला तिला ६ मिळाला. इंग्रजी कच्चं म्हणून? छे! तिसरा उतारा उघडला तेव्हा हातात आठच मिनिटं उरली होती. फी गेली, रजा गेली, वर घरच्यांचं ‘काय गं, काय झालं?’ आहेच.

मांडवा ते भाऊचा धक्का हा प्रवासही साधारण तासाभराचा. २०२०च्या मार्चमध्ये ही रो-रो सुरू झाली. लोकांची गाडी घेऊन जायची सोय झाली, हिची परीक्षेची.

वेग नाही, हिशोब चुकतो

आधी पेपर समजून घ्या. अकॅडमिक रीडिंगमध्ये तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. तिन्ही उतारे मिळून जास्तीत जास्त २,७५० शब्द. मार्क ब्रिसबार्ट या बेल्जियमच्या संशोधकाने २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून पाहिले. इंग्रजीतला माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा मोठ्या माणसांचा सरासरी वेग निघाला मिनिटाला २३८ शब्द. इंग्रजी आपली मातृभाषा नाही, म्हणून तुमचा वेग याच्या निम्मा धरू. तरीही सगळं एकदा वाचून काढायला लागतात २३ मिनिटं. उरली किती? तब्बल ३७!

मग वेळ जातो कुठे? शोधण्यात! प्रश्न वाचा, उताऱ्याकडे धावा, सापडेना, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. एकेक परिच्छेद चार-चार वेळा वाचला जातो. आपली शाळेतली सवयच तशी ना! प्रत्येक ओळ वाचायची, अडलेला शब्द अधोरेखित करायचा, अर्थ लागल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिथे ती बरोबर होती, इथे ती मिनिटं खाते.

आणि ते ‘मिनिटाला हजार शब्द’वाले क्लासेस? एव्हलिन वूड यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत ‘रीडिंग डायनॅमिक्स’ सुरू केलं, तेव्हापासून हे स्वप्न विकलं जातंय. २०१६ मध्ये कीथ रेनर आणि सहकाऱ्यांचा या विषयावरचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष साफ होता : वेग खूप वाढवला की समज कमी होते. त्यामुळे डोळे गरागरा फिरवायचं टेन्शन सोडा.

आधी नकाशा काढा

मैत्रिणीच्या सरावासाठी मी एक उतारा तिच्या गावावरच बेतला. अलिबागची चुंबकीय वेधशाळा! पहिला परिच्छेद : मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा झाली, १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी सुरू. दुसरा : मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्यामुळे नोंदी बिघडणार, म्हणून नव्या जागेचा शोध. तिसरा : अलिबागची इमारत, त्यासाठी वापरलेला चुंबकीय गुण नसलेला दगड. चौथा : १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी, मग कुलाब्याच्या बंद.

मी म्हटलं, वाचू नकोस. प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ नीट बघ, बाकीच्यावरून नजर फिरव आणि बाजूला एकच शब्द लिही. मराठीत लिहिलास तरी चालेल. तिने लिहिलं : कुलाबा, ट्राम, दगड, दोन्हीकडे. दोन मिनिटांत नकाशा तयार. आता ‘जागा का बदलली?’ विचारलं की बोट थेट ट्रामवर. तो परिच्छेद मात्र शब्दन्‌शब्द वाचायचा. थोडक्यात, कुठे सावकाश वाचायचं हे पटकन ठरवणं, हाच फास्ट रीडिंगचा फंडा.

एवढं लक्षात ठेवा

• पहिल्या उताऱ्याला १७ मिनिटं, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला २३. शेवटचा सहसा सगळ्यात अवघड असतो.

• एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. अडला? अंदाजे उत्तर टाका, पुढे चला. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत.

• ७ बॅण्डसाठी साधारण ३० उत्तरं बरोबर लागतात. म्हणजे दहा सोडायची मुभा आहे!

• ट्रू-फॉल्स आणि गाळलेल्या जागांचे प्रश्न बहुतेक वेळा उताऱ्याच्या क्रमानेच येतात. शीर्षकं जुळवायचे प्रश्न मात्र तसे नसतात.

• साल आणि विशेषनामं नजरेला लवकर सापडतात. बाकी शब्द प्रश्नात बदलून येतात, तेव्हा अर्थ शोधा.

• ऑफिसला जाताना रोज एक इंग्रजी लेख उघडा. एक मिनिट वाचा, फोन बंद करा आणि एका मराठी वाक्यात मनाशी सांगा : काय होतं?

‘अगं, पण खरंच आहे ना!’

आता सगळ्यात मोठा सापळा : ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन? माझं वाक्य होतं, ‘मुंबईहून बोटीने लवकर पोचता येतं म्हणून अलिबागची निवड झाली.’ मॅडमनी डोळे मिटून ‘ट्रू’ लिहिलं.

‘उताऱ्यात कुठे आहे दाखव.’

‘अगं, पण खरंच आहे ना! आत्ता बोटीतच बसलोय आपण!’

उताऱ्यात बोटीचा ‘बो’सुद्धा नव्हता. उत्तर, नॉट गिव्हन. जे आपल्याला ठाऊक असतं तिथेच आपण वाचायचं सोडतो. परीक्षेला तुमच्या माहितीशी देणंघेणं नसतं, फक्त समोरच्या कागदाशी असतं.

टायमर वाजला तेव्हा धक्का जवळ आला होता. तिन्ही उतारे पूर्ण, ४० पैकी ४० प्रश्न सोडवलेले. हे पहिल्यांदाच! तपासलं तर बरोबर आले २९. एका मार्काने हुकलं, आणि तो एक कुठला हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

‘परीक्षेला दोन आठवडे आहेत,’ प्रिंटआउट्स बॅगेत कोंबत ती म्हणाली. ‘म्हणजे बोटीच्या अजून चार फेऱ्या. बास झाल्या!’