कड्यांमधले गुटके

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यात शिरलं की आधी मान वर करून पाहावं. ओळीनं कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा जाड थर. हा कडीपाट. मेळघाटचं सागवान हाताशी होतं, त्यामुळे सुताराला हात आखडता घ्यावा लागत नसे. कडी जाडजूड, जवळजवळ चौरस. अशी कडी कलंडत नाही. वरून माती दाबून धरते आणि टोकं भिंतीत घट्ट बसलेली असतात.

आता सागवानाचा भाव ऐकूनच माणूस मागे सरतो. माडी नव्यानं घालताना कडी पातळ आणि उभी बसवतात. हिशेब चुकीचा नाही: १० बाय १० सेंटिमीटरच्या कडीइतक्याच लाकडात ५ बाय २० ची उभी कडी केली, तर ती चौपट ताठ होते. पण भार आला की हीच कडी कुशीवर वळू पाहते. म्हणून लाकडी बांधकामाचं भारतीय मानक, आयएस ८८३, सांगतं की उंची रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल किंवा गाळा रुंदीच्या ५० पटींहून लांब असेल, तर कडीला बाजूनं आधार हवाच. दोन आधारांतलं अंतरही रुंदीच्या ५० पटींच्या आत. ५ सेंटिमीटरच्या कडीला म्हणजे अडीच मीटर. साडेतीन मीटरच्या खोलीत मधोमध गुटक्यांची, म्हणजे दोन कड्यांमध्ये आडव्या ठोकलेल्या लाकडी ठोकळ्यांची, एक ओळ पुरते.

मागच्या उन्हाळ्यात अकोल्यात असं एक काम जवळून पाहिलं. वर कुणी चाललं की खाली फडताळातली भांडी वाजायची. घरच्यांनी खोलीत मधोमध ठेपा द्यायचं ठरवलं होतं. सुतारानं ते मोडून काढलं आणि गुटके घालायचं ठरवलं. गुटक्याचं माप त्यानं कड्यांच्या मध्यावर घेतलं नाही, भिंतीजवळ घेतलं. मध्ये कड्या वाकलेल्या असतात, तिथलं माप धरलं तर वाक कायमचा होतो. गुटके कड्यांच्याच उंचीचे, एक थोडा पुढे, एक थोडा मागे, म्हणजे प्रत्येकाला टोकातून खिळा मारता येतो. आधी भोक, मग खिळा. नाहीतर लाकूड चिरतं. काही ठिकाणी गुटक्याऐवजी दोन पट्ट्यांची फुली मारतात, तीही चालते. एका कडीवर पडलेला भार गुटक्यांमुळे शेजारच्या कड्याही उचलतात, म्हणून हादरा कमी होतो.

संध्याकाळी घरातलं पोर माडीवर मुद्दाम उड्या मारत होतं. खाली भांडी गप्प होती. सुतार मात्र अजून भिंतीजवळच होता, प्रत्येक कडीच्या टोकात पटाशी टोचून पाहत. तिसऱ्या कडीत पटाशी बोटभर आत गेली. उधळी. ते टोक कापून बाजूनं नवी कडी जोडेपर्यंत त्यानं तुरीची पोती वर चढवू दिली नाहीत.