जुना जिल्हा, जवळचे न्यायालय



आपल्या जिल्ह्याचा आरंभ रत्नागिरी शहरात झाला नाही. पेशवाई गेल्यावर १८१९ मध्ये इंग्रजांनी दक्षिण कोकण हा वेगळा जिल्हा केला, तेव्हा त्याचे मुख्य ठिकाण बाणकोट होते. १८२२ मध्ये कचेरी रत्नागिरीस आली आणि उत्तरेकडची गावे तिच्यापासून लांब पडली. पुढे १ मे १९८१ रोजी दक्षिणेकडील तालुक्यांचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला.

बाणकोट आज मंडणगड तालुक्यात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले. मंडणगड येथे १२ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते तालुका न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले.

आमच्या कातकरी बांधवांना याचे मोल अधिक आहे. तारखेला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडे. मग जमिनीचा खरा हक्कही माणूस सोडून देतो. म्हणून वाडीवर गेलो की मी एक गोष्ट आवर्जून सांगतो : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा, जातीचा दाखला जवळ ठेवायचा.

अडते ते दाखल्यापाशी आणि अर्ज लिहिण्यापाशी. आपल्या मंडळीत लिहिणारे हात पुष्कळ आहेत. अर्जाच्या दिवशी एखाद्या कुटुंबासोबत न्यायालयाची पायरी चढावी, एवढीच विनंती.