सर्वांना झेपेल तो वेग

२०२१ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या राजपथावरून एक जुने डकोटा विमान गेले. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन एमआय-१७ हेलिकॉप्टर होती. हवाई दलाने या रचनेला ‘रुद्र’ नाव दिले होते. त्याच दिवशी ‘एकलव्य’ रचनेत एक राफेल, दोन जग्वार आणि दोन मिग-२९ अशी तीन जातींची लढाऊ विमाने एकत्र उडाली. टीव्हीसमोरची मुले राफेल दिसले की ओरडतात. आम्हाला मात्र कौतुक वाटले ते डकोटाचे.

या जातीच्या विमानाचे पहिले उड्डाण १९३५ सालचे. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला आपले जवान उतरवले ते याच विमानांनी. डकोटाला ताशी साडेतीनशे किलोमीटरपर्यंत जाता येते, एमआय-१७ ची धाव अडीचशेच्या आसपास संपते. म्हणजे वयाने म्हातारे असले तरी वेग आवरायचा होता तो डकोटालाच.

एकाच जातीची नऊ विमाने रांगेत उडवणे अवघड असतेच. सूर्यकिरण पथक ते करते. पण वेगवेगळ्या जातींची विमाने एकत्र आली की हिशेब बदलतो. प्रत्येक विमानाला वेगाची वरची मर्यादा असते, तशी खालचीही असते. त्याहून हळू गेले तर पंखांना हवेचा आधार पुरत नाही आणि विमान खाली येऊ लागते. सगळ्यांच्या या दोन मर्यादांमध्ये जो सामाईक पट्टा सापडेल तेवढ्यातच उडायचे. शिवाय हलके विमान इंजिनाचा जोर वाढवताच पुढे सरकते, जड विमानाला वेळ लागतो. म्हणून म्होरक्या कधीही पूर्ण जोर लावत नाही. मागे पडलेल्याला गाठायला थोडा जोर शिल्लक राहिला पाहिजे. वळणही सावकाश घ्यावे लागते.

हे वाचताना वाचकांना जमातची नमाज आठवली असेल. इमामाने नमाज पढवताना मागे अशक्त, आजारी आणि म्हातारे लोक उभे आहेत याचे भान ठेवून ती हलकी ठेवावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद हदीसमध्ये आली आहे. एकट्याने पढताना हवी तेवढी लांबवा. सफ सरळ ठेवण्याचाही किती आग्रह! आम्ही शिक्षक मंडळी वर्गात याच्या बरोबर उलट वागतो. पहिल्या बाकावरच्या दोघांना समजले की फळा पुसतो.

स्वतंत्र प्रजासत्ताकाच्या पहिल्या फ्लायपास्टमध्ये, १९५० साली, टेम्पेस्ट विमानांच्या रचनेचे नेतृत्व स्क्वाड्रन लीडर इद्रिस हसन लतीफ यांनी केले होते. हैदराबादचे हे गृहस्थ फाळणीनंतर इथेच राहिले, १९७८ ते १९८१ हवाई दलप्रमुख होते आणि पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. जग्वार विमाने आपल्या दलात आली ती त्यांच्याच कारकिर्दीत, १९७९ साली. २०२१ मध्ये राफेलच्या बाजूला दिसलेले जग्वार ते हेच. आपल्या घरांतील किती मुलांना हे नाव ठाऊक आहे, एकदा विचारून पाहा.

आता घरातल्या संगणकाकडे वळू. आमचे मालेगाव (वाशिमचे, नाशिकचे समजून लोक नेहमी फसतात) म्हणजे समृद्धी महामार्गाजवळचा तालुका. इथे विमान दिसते ते फार उंचावर, पांढरी रेघ ओढत जाणारे. पण ‘फ्लाइटगियर’ नावाचा विमान उडवण्याचा सिम्युलेटर फुकट मिळतो. त्यात सेसना-१७२ आहे, डकोटाचे मूळ रूप डीसी-३ आहे, हेलिकॉप्टरही आहेत. दोन संगणक जोडले की दोघांना एकाच आकाशात वेगवेगळी विमाने उडवता येतात. एक अट लक्षात ठेवावी. समोरच्याचे विमान आपल्याही संगणकात भरलेले हवे, नाहीतर त्याच्या जागी भलतीच आकृती दिसते.

सेसना आणि डीसी-३ ही जोडी जमते. ताशी १८० ते २०० किलोमीटर दोघांनाही सोसते. सेसनाबरोबर बोइंग-७३७ घेतले तर मात्र जमणार नाही. सेसनाची धाव सव्वादोनशेला संपते, बोइंगला उतरतानाच साधारण अडीचशेच्या वर राहावे लागते. मुले हट्टाने ते करून पाहतात. पाहू द्यावे.

यात गणित भरपूर आहे. ताशी २०० म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. नेट पाव सेकंद मागे पडले तरी शेजारचे विमान खऱ्या जागेपासून चौदा मीटर मागे दिसते. म्हणून सिम्युलेटरमध्ये अगदी पंखाला पंख लावायच्या भानगडीत पडू नये, चांगले पन्नास मीटर अंतर ठेवावे. एक हजार मीटर त्रिज्येच्या वळणावर पन्नास मीटर बाहेर असलेल्याला पाच टक्के जास्त अंतर कापावे लागते, म्हणजे २०० ऐवजी २१०. नववीच्या मुलाला वर्तुळाचा परीघ शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

डोळे काट्यांवर ठेवायचे नसतात, पुढच्या विमानावर ठेवायचे. त्याच्या पंखाचे टोक आपल्या खिडकीत कुठे दिसते ती खूण धरायची आणि ती हलली की जोर किंचितच कमी-जास्त करायचा. सुरुवातीला सगळेच जास्त करतात. मग विमान झुल्यासारखे पुढे-मागे होत राहते.

संगणकावर उडवले म्हणून कोणी वैमानिक होत नाही. त्यासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते. खेळ शेवटी खेळच. पण बंदुकांच्या खेळात सोबत्याला मागे टाकून जिंकता येते, इथे सोबती मागे राहिला की दोघांचाही खेळ मोडतो. अनोळखी लोकांबरोबर नेटवर खेळू देऊ नये, घरातल्यांची किंवा मोहल्ल्यातली जोडी पुरे. मुलींनाही बसवावे. असरनंतर अर्धा तास, मगरिबची अजान झाली की बंद.

आणि पहिल्या दिवशी पुढे धाकट्याला ठेवा. तो कधी वर जाईल, कधी खाली, वेग सांभाळणार नाही. थोरला मागून ओरडेल, ‘सरळ चालव ना!’ पाच-सात मिनिटांनी त्याचे ओरडणे थांबते आणि त्याचा हात धाकट्याच्या चालीप्रमाणे हलू लागतो. तोवर मध्ये बोलू नका.