माणूस नेला, पण कागदावर नाहीच : 'आय ॲम स्टिल हिअर'मागची खरी गोष्ट

हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. आज बोलायचंय वॉल्टर सालेसच्या 'आय ॲम स्टिल हिअर' या ब्राझिलियन सिनेमाबद्दल. २०२५ मध्ये याला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. स्पॉयलरची काळजी असेल तर सांगतो, हे सगळं खरंच घडलेलं आहे. त्यामुळे इतिहासच स्पॉयलर आहे.

आधी थोडा संदर्भ. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली, ती १९८५ पर्यंत सोडली नाही. डिसेंबर १९६८ मध्ये एक हुकूम निघाला आणि राजकीय गुन्ह्यांसाठी 'हेबियस कॉर्पस'चा अधिकारच गेला. हे हेबियस कॉर्पस म्हणजे काय, तर कोर्टाने सरकारला विचारायचं, 'ज्याला पकडलंय त्याला समोर आणा आणि का पकडलं ते सांगा.' हा प्रश्न विचारायची सोय गेली की कोणालाही उचलता येतं.

दुसऱ्या बाजूला सशस्त्र गट परदेशी राजदूतांचं अपहरण करून आपले कैदी सोडवून घेत होते. डिसेंबर १९७० मध्ये रिओत स्विस राजदूताला पळवलं. जानेवारीत ७० कैद्यांच्या बदल्यात त्याची सुटका झाली आणि ते कैदी चिलीला गेले. लष्कर चवताळलेलं होतं.

अशात २० जानेवारी १९७१ ला रुबेन्स पायवा यांच्या घरी साध्या कपड्यातली हत्यारबंद माणसं आली. पायवा सिव्हिल इंजिनिअर. आधी खासदार होते, पण लष्कर आल्यावर खासदारकी रद्द झाली होती. चिलीतून निर्वासितांची पत्रं घेऊन आलेल्या प्रवाशांची झडती झाली आणि माग पायवांपर्यंत पोहोचला. 'चौकशीला चला' म्हणाले. पायवा स्वतःची गाडी चालवत गेले. घरच्यांनी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

दुसऱ्या दिवशी बायको युनिस आणि १५ वर्षांची मुलगी एलियाना, दोघींनाही नेलं. एलियानाला एका दिवसाने सोडलं. युनिस १२ दिवस आत होत्या. आरोप? काहीच नाही. सिनेमात हा भाग बघताना घुसमटायला होतं. कोठडीबाहेरचं फार काही दिसत नाही, फक्त किंकाळ्या ऐकू येतात. पुन्हापुन्हा तोच फोटोंचा अल्बम समोर येतो, 'यातलं कोण ओळखता?' युनिस भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजतात.

पण माझ्या मते सिनेमाचा खरा विषय तुरुंग नाहीये. तो सुरू होतो युनिस घरी परत आल्यावर. लष्कराने सांगितलं की पायवांना गाडीतून नेत असताना अतिरेक्यांनी हल्ला करून त्यांना पळवून नेलं. म्हणजे ते आमच्याकडे नाहीत! गंमत बघा, पायवांची गाडी मात्र लष्कराच्या आवारात उभी होती आणि ती परत देताना रीतसर पावतीही फाडली.

आम्हा कोडिंगवाल्यांना एक फरक सुरुवातीलाच शिकवतात. 'नाही' हे एक उत्तर असतं. 'माहितीच नाही' ही वेगळी गोष्ट, रिकामी जागा. त्यावर पुढचं काहीच चालत नाही. युनिसचं आयुष्य असं अडकलं. सिनेमात त्या बँकेत जातात, तर पैसे काढायला नवऱ्याची सही हवी. नवरा जिवंत असेल तर आणा, मेला असेल तर दाखला आणा. पाच मुलांची आई दोन्ही आणू शकत नाही. ना विधवा, ना सवाष्ण. रडायचं तरी कोणत्या दिवशी?

युनिस रडत बसल्या नाहीत. कायदा शिकल्या, चाळिशी उलटल्यावर वकील झाल्या आणि आदिवासींच्या हक्कांसाठी लढल्या. सोबत तो दाखला मागत राहिल्या. १९९५ च्या शेवटी सरकारने कायदा करून 'बेपत्ता' माणसांना मृत मानलं. १९९६ मध्ये, २५ वर्षांनी, मृत्यूचा दाखला हातात आला. तो घेऊन त्या हसतात. नवऱ्याच्या मृत्यूचा कागद बघून हसणारी बाई आपल्याला विचित्र वाटत नाही, कारण तोवरचे दोन तास आपणही तो कागद शोधत असतो.

आणि रेकॉर्ड? ते होतंच. २०१२ मध्ये एका निवृत्त कर्नलच्या घरी कागद सापडले. त्यात पायवांना आत घेतल्याची नोंद होती, अंगावरच्या वस्तूंच्या यादीसकट. जानेवारी २०२५ मध्ये दाखला दुरुस्त झाला. आता त्यावर लिहिलंय की मृत्यू हिंसक होता आणि तो ब्राझीलच्या सरकारने घडवला. युनिस हे बघायला नव्हत्या, त्या २०१८ मध्ये गेल्या. २०१४ मध्ये पाच माजी लष्करी लोकांवर आरोप ठेवले गेले, पण १९७९ चा माफीचा कायदा आडवा आला आणि खटला रखडला.

'हे तिकडचं झालं' असं वाटत असेल तर थांबा. आपल्याकडे आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं की हेबियस कॉर्पस मागता येणार नाही. विरोधात होते एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. त्याच वर्षी मार्चमध्ये केरळात राजन नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी कॉलेजमधून नेलं होतं. आणीबाणी उठल्यावर वडिलांनी कोर्टात अर्ज केला, तेव्हा सरकारचं उत्तर होतं की आम्ही त्याला पकडलंच नाही. मृतदेह आजवर सापडला नाही. 'पिरवी' हा १९८९ चा मल्याळम सिनेमा याच वाट बघण्यावर आहे. तोही जरूर बघा.

तर मंडळी, सिनेमातला एक सीन लक्षात ठेवा. एक फोटोग्राफर या कुटुंबाला सांगतो, जरा दुःखी दिसा. युनिस मुलांना म्हणतात, हसा. ज्यांना तुम्ही कागदावरून पुसलंत, त्यांचं घर अजून इथेच आहे, हे सांगायची ती पद्धत होती.

घरात आणीबाणी पाहिलेलं कोणी असेल तर त्यांना एकदा विचारा, तेव्हा ओळखीतलं कोणी आत गेलं होतं का. काय सांगतात ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!