महासंगणकाच्या स्विचमधील दोष कसा शोधावा

महासंगणक म्हटला की एखादे अजस्र यंत्र डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः तो पुष्कळ संगणकांचा मेळा असतो. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' सिद्ध केला तो याच तत्त्वावर: अनेक प्रोसेसर जोडावयाचे आणि एकच गणित त्यांच्यात वाटून द्यावयाचे. पण वाटून दिले म्हणजे काम संपले असे नव्हे. प्रत्येकाला शेजाऱ्याचे उत्तर क्षणोक्षणी हवे असते. ही देवघेव ज्याच्या पोटातून होते ते यंत्र म्हणजे स्विच. घरातील दिव्याच्या बटणाशी याचे नामसाम्य तेवढे आहे. जंक्शनात सांधे बदलून गाडी योग्य रुळावर घालतात, तसा हा निरोपाच्या पुडक्यावरील पत्ता वाचून त्याला वाट दाखवितो.

स्विच साफ बंद पडला तर आम्हांस फारसे वाईट वाटत नाही. दिवा विझतो, कोणीही पाहून सांगतो. खरा छळ अर्धवट जिवंत असलेल्या जोडणीचा. इन्फिनिबँड पद्धतीच्या नेहमीच्या जोडणीत चार पदर असतात. त्यांतला एखादा बिघडला की जोडणी कधी कधी निमूटपणे एकाच पदरावर चालू राहते. वेग चौथाईवर येतो, आणि दिवा मात्र तसाच जळत असतो! आणि एक वाट मंदावली की तिच्यापुरतेच नुकसान होत नाही. पंगतीत शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही, तसे शेकडो संगणक त्या एकासाठी खोळंबून बसतात.

दुसरा प्रकार चुकांचा. पुडके वाटेत बिघडले तर त्याच्याबरोबर पाठविलेल्या पडताळ्यावरून ते कळते. मग ते टाकून दिले जाते आणि पुन्हा मागविले जाते. उत्तर बरोबर येते, पण वेळ जातो. या चुकांची मोजणी प्रत्येक पोर्ट स्वतःच ठेवतो. ती वाचताना थोडे अंकगणित हवे. सेकंदाला १०० अब्ज, म्हणजे दहा हजार कोटी बिट धावत असतील आणि लाख कोटी बिटांत एक चूक एवढी मुभा धरली, तर दहा सेकंदांस एक चूक त्या मुभेतच बसते. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरू नये. मोजणी शून्यावर आणावी, घड्याळ पाहावे, नेहमीचे काम चालू द्यावे आणि तासाभराने शेजारच्या पोर्टांशी ताडून पाहावे. महिन्यांपूर्वीच्या चुका आजच्या समजून भलत्याच पोर्टाच्या मागे लागलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

कारणे बहुधा क्षुल्लक असतात. काचतंतूच्या टोकावर बसलेला धुळीचा कण, फार आवळून वळविलेली केबल, पुरती न बसलेली पिन. पंख्यांचेही पाहावे. काही स्विच हवा पोर्टांच्या बाजूने आत घेतात, काही मागून. उलट्या जातीचा स्विच रॅकमध्ये बसविला तर तो शेजाऱ्यांची गरम हवाच पीत राहतो, आणि उष्णता वाढली की चुका वाढण्याचा संभव असतो.

एका संस्थेत आम्ही केलेली चूक येथे सांगितली पाहिजे. एका विद्यार्थ्याचे गणित एरवी सहा तासांत आटपे, ते मधूनच अकरा तास घेऊ लागले. दोष प्रोग्रॅमचा ठरला आणि तो बिचारा तीन आठवडे प्रोग्रॅम पुन्हा लिहीत बसला. अखेर संगणकांचे लहान लहान गट करून तेच गणित चालविले, तेव्हा एक ठराविक संगणक असलेला गटच मागे पडतो असे दिसले. त्याच्या पोर्टावर चुकांचा ढीग होता. घाईघाईने आम्ही केबल बदलली, पोर्ट बदलला, संगणकातील कार्डही काढून पुन्हा बसविले. चुका थांबल्या. कशाने थांबल्या? ते आम्हांस सांगता येईना.

नवव्या दिवशी तेच दुखणे दुसऱ्याच संगणकावर उपटले.

या वेळी एकच गोष्ट हलविली. दोन शेजारच्या केबलींची स्विचकडील टोके आपसांत बदलली. चुका जुन्याच पोर्टावर राहत्या तर दोष पोर्टाचा. त्या केबलीबरोबर नव्या पोर्टावर गेल्या. म्हणजे दोष केबलीत किंवा पलीकडच्या कार्डात. मग पलीकडची टोकेही बदलली, आणि चुका पुन्हा केबलीमागेच गेल्या. कार्ड सुटले. केबल नीट पाहिली तर ओळखीची निघाली: नऊ दिवसांपूर्वी आम्हीच काढलेली. चिठ्ठी न बांधता ती कपाटात ठेवली होती, आणि कोणा सहकाऱ्याने सुटी केबल म्हणून सद्भावाने ती जोडली होती.

विद्यार्थ्याचा मूळचा प्रोग्रॅम पुन्हा चालविला. तो सहा तासांतच संपला. त्याची आम्ही क्षमा मागितली. केबल मात्र दोन्ही टोके कापूनच भंगारात टाकली.