मिरजेच्या तंतुवाद्य दुरुस्तीतील हातहत्यारे : कानस, कान आणि कौशल्य

प्रस्तावना :
पियानोचे स्वर लावणाऱ्या कारागिराच्या पेटीत खुंट्या फिरवणारी किल्ली, तारा दाबून धरणारे नमद्याचे तुकडे, स्वरकाटा आणि हातोडीचा नमदा मऊ करणाऱ्या सुया असतात. पियानोत सुमारे 230 तारा असल्याने ते काम वादकाला सहसा स्वतः करता येत नाही. तंबोऱ्याला सामान्यतः चारच तारा असतात व गायक त्या स्वतः लावतो. मात्र तंबोऱ्याचा नाद बिघडल्यास त्यालाही कारागिराकडेच जावे लागते. कोल्हापूरपासून सुमारे 50 किलोमीटरवर असलेल्या मिरजेत ही विद्या पिढ्यान्पिढ्या जतन झाली आहे. प्रस्तुत लेखात तेथील हातहत्यारांचे कार्य व महत्त्व स्पष्ट केले आहे.

हत्यारांचा वारसा :
मिरजेतील वाद्यनिर्मितीचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला असे मानले जाते. शिकलगार समाजातील कारागीर तलवारी व इतर शस्त्रांना धार आणि झिलई करीत असत. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरल्यावर ते वाद्यदुरुस्तीकडे व पुढे वाद्यनिर्मितीकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे या परंपरेचे आद्य कारागीर मानले जातात. धातूवर कानस चालवण्यात मुरलेला हात या नव्या व्यवसायातही उपयोगी पडला.

कामाचे स्वरूप आणि साधने :
भोपळा कापण्यासाठी करवत, लाकूड कोरण्यासाठी पटाशी, छिद्रांसाठी गिरमिट, सांधे जोडण्यासाठी सरस, तार वाकवण्यासाठी पकड अशी साधी साधने येथे वापरली जातात. यातील बरीचशी सुताराकडेही आढळतात. खुंटी घसरू लागल्यास तिचा निमुळता भाग घासून छिद्राशी जुळवतात व त्यावर खडू लावतात.

खरी कसोटी जवारीची असते. तार घोडीच्या किंचित बहिर्वक्र पृष्ठभागावर टेकते. कंपनाबरोबर तार व घोडी यांचा स्पर्शबिंदू सूक्ष्मपणे पुढेमागे होतो आणि त्यातून उच्च उपस्वर प्रकट होतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात या घोडीच्या वेगळेपणाकडे लक्ष वेधले होते. तारेच्या सततच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडतात व नाद दबतो. तेव्हा कारागीर तारा सैल करतो, बारीक कानशीने पृष्ठभाग घासतो, पॉलिश पेपरने गुळगुळीत करतो, तारा पुन्हा चढवतो आणि ऐकतो. समाधान होईपर्यंत हा क्रम चालतो. तंबोऱ्यात शेवटी तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नाद खुलवतात.

येथे चुकीला फारशी जागा नाही. कानशीने काढलेला कण परत बसवता येत नाही. वक्रता बिघडल्यास संपूर्ण पृष्ठभाग नव्याने घडवावा लागतो. कानस बाजारात मिळते. परंतु कोठे थांबावे हे कानच सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 व त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे हस्तिदंत आणि सांबरशिंग यांच्या वापरावर निर्बंध आले. पर्यायी साहित्याचा कठीणपणा वेगळा असल्याने हाताला नवा अंदाज घ्यावा लागला.

निष्कर्ष :
मिरजेची सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण लाभले. हाताच्या कौशल्याला मात्र शिष्याचीच गरज असते. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यामुळे रियाजातील प्रत्यक्ष वाद्याचा वापर मर्यादित झाला, तर जवारी करून घेणारेही कमी होतील. महाविद्यालयांतील संगीत व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन घोडीच्या वक्रतेचे मोजमाप, जवारीपूर्वीच्या व नंतरच्या नादाचे ध्वनिमुद्रण आणि कारागिरांच्या कृतीचे चित्रण केल्यास या मौखिक ज्ञानाची नोंद राहील. नोंद ही शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. परंतु शिकू इच्छिणाऱ्यास ती दिशा निश्चितच दाखवू शकेल.