कार्ड आहे, पण धान्य नाही: रेशनच्या यादीत नाव कसे लागते?

मंडळी, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. त्यातल्या कुठल्याही तहसीलच्या पुरवठा शाखेत थोडा वेळ उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर पडेल: "साहेब, कार्ड तर आहे, पण कंट्रोलमधून धान्य भेटत नाही." माणसाला वाटतं, दुकानदारच खातो. तसंही कुठे असू शकतं. पण पुष्कळदा कारण वेगळंच असतं. कार्ड मिळणं ही एक गोष्ट आणि धान्याच्या यादीत नाव लागणं ही दुसरी. आज आपण एवढंच नीट समजून घेऊ.

आधी रंगांचं बघू. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत तर पिवळं, त्याच्या वर १ लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरं. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि राज्यात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. हा कायदा रंग विचारत नाही, योजना विचारतो. योजना दोन आहेत. अंत्योदयमध्ये कुटुंबाला महिन्याला ३५ किलो. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून दोन्हीकडचं धान्य मोफत आहे.

म्हणजे दोन शेजाऱ्यांकडे केशरीच कार्ड असेल, तरी एक जण प्राधान्यमध्ये असू शकतो आणि दुसरा कशातच नसतो. म्हणून खिडकीवर गेलात की पहिला प्रश्न हा विचारा: "माझं कार्ड कोणत्या योजनेत आहे?" कार्डाचा १२ अंकी नंबर टाकला की संगणकावर ते लगेच दिसतं.

आता अर्ज. नवीन कार्डासाठी नमुना १. नाव वाढवायचं तर नमुना ८, कमी करायचं तर नमुना ९. सोबत उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांचे आधार, राहण्याचा पुरावा, कुटुंबप्रमुखाचा फोटो. आधी दुसऱ्या कार्डावर नाव होतं तर ते कमी केल्याचा दाखलाही लागतो. लेक सासरी गेली, भाऊ वेगळे निघाले, की इथेच गाडी अडते. जुन्या कार्डावरून नाव निघत नाही, तोवर नव्यावर चढत नाही. आणि एक लक्षात ठेवा, कायद्याप्रमाणे कुटुंबप्रमुख म्हणजे घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई. फोटो तिचा लावा.

कार्ड झालं. आता प्राधान्य यादीचं काय? कायदा लागू करताना राज्याने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली ती ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार. ४४ हजाराला ३६५ ने भागा, दिवसाला १२० रुपये येतात, तेही अख्ख्या घराचे. म्हणून दाखल्यावर किती आकडा पडतो, त्यावर सगळं अवलंबून असतं. दाखला हातात पडताच तिथल्या तिथे वाचा. चुकीचा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, मगच अर्ज जोडा.

पण मर्यादेत बसलात तरी एक उंबरठा राहतो. त्याचं नाव इष्टांक. कायद्याने राज्याला लाभार्थ्यांची कमाल संख्या दिली आहे. महाराष्ट्राची ती सुमारे ७ कोटी आहे, ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के. ही लोकसंख्या धरली २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर जन्मलेली लेकरं, वाढलेली घरं त्या हिशेबात नाहीत. तीच संख्या जिल्ह्यांना, तालुक्यांना वाटून दिलेली असते. ती भरली की कारकून म्हणतो, "इष्टांक नाही." तो खोटं बोलत नसतो. पण त्याचा अर्थ "तुम्ही अपात्र" असा होत नाही. जागा रिकाम्या होतात: कोणी वारतं, कोणी कायमचं गाव सोडतं, कोणाचं नाव अपात्र म्हणून निघतं. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, नकार असेल तर लेखी मागा.

तोवर दुसरी दारं ठोठवा. पहिलं अंत्योदयचं. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ च्या आदेशात सांगितलं की आदिम जमातींची घरं, आधार नसलेल्या विधवा आणि एकट्या बाया, साठीपुढचे निराधार, कमावता आधार नसलेली दिव्यांगांची घरं यांना अंत्योदयमध्ये घ्यावं. आपल्याकडचा कोलाम समाज आदिम जमातींत मोडतो. फरक किती पडतो बघा. एकटी विधवा प्राधान्यमध्ये असेल तर ५ किलो, अंत्योदयमध्ये ३५. सात माणसांच्या घराला दोन्हीकडे ३५ किलोच. म्हणजे घर जितकं लहान, तितका अंत्योदयचा अर्ज मोलाचा.

दुसरं दार कास्तकारांचं. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, म्हणजे यवतमाळातही, यादीबाहेरच्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य होतं. २०२३ पासून त्याऐवजी खात्यात पैसे येतात. आधी माणशी महिना १५० रुपये होते, २०२४ मध्ये ते १७० झाले. चार जणांच्या घराला ६८० रुपये होतात. त्यासाठी सातबारा आणि बँक खातं लागतं. भूमिहीन मजुराला मात्र हे दार बंद. त्याच्यासाठी प्राधान्य किंवा अंत्योदय एवढंच, म्हणून त्याचा अर्ज रेंगाळणं सर्वांत महाग पडतं.

नाव लागल्यावर ते टिकवायचंही असतं. घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी दुकानातल्या मशीनवर करून घ्या. ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेर गेलात तर तिथल्याही रेशन दुकानातून त्याच कार्डावर धान्य उचलता येतं. अंगठा जुळला नाही एवढ्यावरून धान्य नाकारायचं नाही, असं केंद्र सरकारने २०१७ मध्येच कळवलं आहे.

आणि अडलंच तर? १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं. पण या सगळ्याला कागद लागतो. पोच नसेल तर तुम्ही खिडकीवर गेला होता, हेच सिद्ध होत नाही. अर्जाची एक प्रत आणि शिक्क्याची पोच कार्डाच्याच पिशवीत ठेवा.